पदक परत दिले, नाव कोण देणार?

परवा आमच्या इंदुरात रामबागेतल्या एका ओट्यावर खेळाडूंच्या उत्तेजकांचा विषय निघाला. एक स्नेही सहज बोलून गेले, "ती बुसानची सुनीता राणी, तीही त्यातलीच ना!" माझा चहा तिथेच निवला.

२००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेत पंजाबच्या सुनीताने १५०० मीटरचे सुवर्ण ४ मिनिटे ६.०३ सेकंदांत जिंकले, ५००० मीटरचे कांस्यही. मग नमुन्यात नॅन्ड्रोलोन सापडल्याचे जाहीर झाले नि दोन्ही पदके गेली. पुढे प्रयोगशाळेच्याच कामातल्या विसंगती बाहेर आल्या. २००३ मध्ये ती आरोपातून सुटली, पदके परत मिळाली. तिचा राष्ट्रीय विक्रम २०२१ पर्यंत टिकला. बदनामी त्याहून चिवट निघाली!

कुणी म्हणेल, चोरांची वकिली करता काय? छे! २०१९ मध्ये दोहात ८०० मीटर जिंकलेल्या गोमती मारिमुत्तूला चार वर्षांची बंदी झाली, तेव्हा मी हळहळलो, पण नियमाला नावे ठेवली नाहीत. अंगात जे सापडेल त्याचा जाब खेळाडूनेच द्यायचा, हे मला कबूल आहे. मग तपासणाराच चुकला तर खेळाडूच्या गेलेल्या महिन्यांचा जाब कुणी द्यायचा? धावपटूच्या उमेदीची वर्षे ती किती!

त्या स्नेह्यांशी तावातावाने भांडून घरी आलो आणि कात्रणांची जुनी वही काढली. आरोपाची बातमी मी नीट डिंकाने चिकटवली होती. सुटकेची नव्हतीच.