बर्फाखालचा मासा

थंडीत कॅनडाहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. गोठलेल्या तलावावर, बर्फाला पाडलेल्या भोकाशी तो बसला होता. शेजारी एक गोल तबकडी, तिच्यावर रंगीत दिवे लुकलुकत होते. ‘मामू, हा फ्लॅशर. खाली मासा आला की इथे कळतं.’ अम्मी लगेच म्हणाल्या, ‘त्यात काय! आमच्या लालबागच्या बाजारातही मासा बर्फाखालीच असतो!’

आम्ही हसलो, पण यंत्र समजून घेतले. भोकातून पाण्यात सोडलेला भाग आवाजाच्या लहरी खाली पाठवतो. त्या तळावर किंवा माशावर आपटून परततात आणि परतायला लागलेल्या वेळावरून खोली कळते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, म्हणून पंधरा मीटरवरचा प्रतिध्वनी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परत येतो. तबकडीवर तळाचा जाड पट्टा स्थिर दिसतो, गळाची बारीक रेघ वेगळी दिसते. मधे नवी रेघ उमटून गळाकडे सरकली, की मासा जवळ आला. मग गळ हलके हलवून त्याला भुलवायचे.

ही विद्या आपल्याकडेही आहे. १९४८ मध्ये जपानच्या फुरुनो बंधूंनी मासे शोधण्याचे यंत्र बाजारात आणले. आज ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावरून निघणाऱ्या अनेक ट्रॉलरवर तांडेलासमोर फिश फाइंडरचा पडदा असतो. माशाच्या पोटातल्या हवेच्या फुग्यावरून प्रतिध्वनी जोरात परततो. घोळीचा हाच फुगा, म्हणजे भोत, फार महाग विकला जातो. बोंबलाला असा फुगा नसतो, म्हणून त्याचा प्रतिध्वनी क्षीण. शिवाय हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उपग्रहाच्या माहितीवरून मासे कुठे मिळण्याचा संभव आहे ते कोळ्यांना कळवते.

पूर्वी तांडेल पाण्याचा रंग आणि पक्ष्यांचे थवे पाहून जाळे टाकी. चुकायचाही. त्या चुकीत काही मासे वाचत. आता यंत्र सहसा चुकत नाही, पण झुंड पिल्लांची की मोठ्यांची, हे साध्या पडद्यावरून ओळखणे कठीण. जाळे मात्र सगळ्यांनाच ओढते.

म्हणूनच पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा ठरवले आणि ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटचा आहे १३५ मिलिमीटर. त्याहून लहान पकडायला मनाई आहे.

तरी परवा दादरच्या बाजारात बर्फावर तळहाताएवढी पापलेटे मांडलेली. भाव स्वस्त, पाहुणे घरी येणार, आम्ही पिशवी उघडलीच होती. अम्मींनी हात धरला. मावशींना म्हणाल्या, ‘ही लेकरं नकोत गं, मोठा बांगडा दे.’ मावशी म्हणाल्या, ‘ताई, गिऱ्हाईक मागतं म्हणून आणावं लागतं.’

खरी गोष्ट तीच. समुद्रातले यंत्र आपल्या हाती नाही, पिशवी आहे. मोठ्या माणसाची वीत साधारण वीस सेंटीमीटर असते. पापलेट तिच्या दोन तृतीयांशाहून लहान दिसले, तर पुढे चला. त्या दिवशी पाहुण्यांनी बांगड्याचे सालनच पुसून खाल्ले, आणि अम्मींनी रेसिपी भाच्यालाही पाठवली.