प्रतिकारशक्तीचा अतिरेक आणि औषधाची वेळ

एप्रिल २०२१ मध्ये दुर्ग जिल्ह्यात टाळेबंदी असताना तेथील भिलाई पोलाद कारखान्याचा प्राणवायू अनेक राज्यांतील रुग्णालयांना पुरवला जात होता. प्राणवायूचा तुटवडा सर्वांना दिसला. औषधाच्या वेळेची चूक मात्र दुर्लक्षित राहिली. करोनात प्रतिकारशक्ती प्रथम विषाणूशी झुंजते. काही रुग्णांत साधारण दुसऱ्या आठवड्यात तीच अनावर होऊन फुप्फुसांना इजा करते. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड तिला आवरते. त्यामुळे कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये दाखवले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा लाभ आढळला नाही. तरीही दुसऱ्या लाटेत अनेकांना हे स्वस्त औषध ताप येताच दिले गेले. अनियंत्रित मधुमेहाला स्टेरॉइडच्या अतिवापराची जोड मिळून म्युकरमायकोसिस बळावला आणि मे २०२१ मध्ये तो अधिसूचित आजार ठरवण्याची सूचना केंद्राला राज्यांना करावी लागली. चिठ्ठीविना स्टेरॉइड विकण्यास कायद्याने मनाई आहेच. ती औषध दुकानांत कसोशीने पाळली जावी. प्रत्येक उपकेंद्रात रक्तातील प्राणवायू आणि साखर मोजण्याची सोय असावी. मोजमापाआधी स्टेरॉइड नाही, हा नियम पुढील साथीपूर्वीच रुजायला हवा.