विषाणू जात पाहत नाही, असे कोण म्हणतो?

कोरोनाच्या काळात एक वाक्य आपण सर्वांनी ऐकले: ‘विषाणू जात-धर्म पाहत नाही.’ ऐकायला गोड आहे. पण 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मुंबईत दर हजारी किती माणसे मेली, ती नोंद उघडून पाहा. युरोपियन 8.3, सवर्ण हिंदू 18.9 आणि सरकारी भाषेत ‘खालच्या जातीचे’ हिंदू 61.6! विषाणू एकच, शहरही एकच. चाळीतली दाटी, पोटातली भूक आणि दवाखान्याचे बंद दार मात्र जातीप्रमाणे वाटलेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

म्हणून विषाणूंचा अभ्यास हा आपला विषय आहे, असे आम्ही म्हणतो.

आपल्याच नागपूरचे उदाहरण घ्या. दीक्षाभूमीपासून फार लांब नसलेल्या नीरी या संस्थेत कोरोनाच्या काळात पर्यावरणीय विषाणुशास्त्राचा कक्ष होता. डॉ. कृष्णा खैरनार हे तेव्हा त्याचे प्रमुख होते. 2021 च्या दुसऱ्या लाटेत त्यांच्या चमूने कोरोना चाचणीची एक साधी पद्धत पुढे आणली. नाकात काडी घालायची नाही. रुग्णाने मिठाच्या पाण्याने 15 सेकंद गुळण्या करायच्या, मग तेच पाणी 15 सेकंद तोंडात खळखळवून नळीत थुंकायचे. प्रयोगशाळेत तो नमुना एका द्रावणात अर्धा तास ठेवायचा, 98 अंशांवर 6 मिनिटे तापवायचा आणि थेट आरटी-पीसीआरला लावायचा. आरएनए वेगळा काढण्याचे महागडे किट लागत नाही. तीन तासांत निकाल. मे 2021 मध्ये आयसीएमआरने मान्यता दिली, सप्टेंबरमध्ये हे तंत्र सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाकडे सोपवले गेले. कोण्या एका कंपनीच्या तिजोरीत ते अडकले नाही. जनतेच्या पैशातून झालेले संशोधन जनतेकडे परत आले, हे आम्हाला त्या तंत्राइतकेच मोलाचे वाटते.

ज्यांना स्वॅब घ्यायला प्रशिक्षित माणूस मिळत नाही, अशा मेळघाट-गडचिरोलीसाठी ही पद्धत आहे. संशोधकाने प्रश्न कुठून उचलला, याला महत्त्व असते ते इथे. आणि त्याच देशात, मार्च 2020 मध्ये, राजधानीत गोमूत्राची पार्टी झाली होती! ऐकीव आहे, परंपरा आहे, गुरू सांगतो म्हणून मानू नका, असे कालामांना सांगणाऱ्या बुद्धाचे आपण अनुयायी. आपण कोणत्या बाजूचे, हे सांगायला नको.

आता आपल्या घरात पाहू. कोरोनाचा आरएनए रुग्णाच्या विष्ठेत, म्हणून शहराच्या गटारातही सापडतो. गटाराचे पाणी तपासून साथीचा अंदाज घेता येतो. जगभर त्यावर शोधनिबंध निघाले. त्या गटारात पिढ्यान्‌पिढ्या उतरले कोण? 2013 चा कायदा झाला, गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला 30 लाख द्या असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये बजावले, तरी माणसे उतरतातच. गटारातला नमुना काढणारे हात आपले आणि सूक्ष्मदर्शकावरचे डोळे दुसऱ्याचे, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

पोरे हुशार नाहीत असे कोणी म्हणू नये. 2023 मध्ये बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आपले संशोधक विद्यार्थी आझाद मैदानात बसले होते. प्रयोगशाळेत बसायच्या वयात मैदानात! अधिछात्रवृत्ती लांबली की आधी गळतो तो भाड्याच्या खोलीत राहणारा, घरी पैसे पाठवणारा विद्यार्थी. ही लढाई सुटता कामा नये.

पण एक गोष्ट आपल्याही हातात आहे. इंदोऱ्यापासून रामेश्वरीपर्यंत आपल्या अभ्यासिकांच्या भिंती पाहा: एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती. त्यात वावगे काही नाही, घर चालवायचे असते. तरी एम.एस्सी. झालेल्या मुलीला सीएसआयआर-नेटच्या लाइफ सायन्सेसचा फॉर्म वर्षातून दोनदा निघतो, हे त्याच भिंतीवर लिहून ठेवायला कोणाची परवानगी लागते?