रिपोर्ट नॉर्मल, डोळा नाही

यंदा महाशिवरात्रीला मामांसोबत मार्कंड्याच्या यात्रेला गेलो. वैनगंगेकाठच्या त्या देवळावरची शिल्पं लहानपणी त्यांनीच मला एकेक करून दाखवलेली. यंदा तेच विचारत होते, "वरतं काय कोरलं हाये रे?"

"मामा, डोळे दाखवले का?"

"शुगर त कंट्रोलमधी हाये, डोळे काहून दाखवाचे?" खिशातून रिपोर्ट निघाला. एचबीए१सी ६.८! नागपूरला नेलं, तर दोन्ही पडद्यांवर रक्तस्राव. पंधरा वर्षांच्या मधुमेहात डोळ्यात कुणी एकदाही डोकावलं नव्हतं.

आपण सॉफ्टवेअरवाले. डॅशबोर्ड हिरवागार आणि कस्टमर बोंबलतोय, हे सीन आपल्याला नवे नाहीत. एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. पडद्यावर हिशोब असतो सगळ्या वर्षांचा. आकडा बिनकामाचा आहे असं मुळीच नाही. टाइप १ च्या रुग्णांवरच्या डीसीसीटी अभ्यासात (१९९३) शुगर काटेकोर ठेवणाऱ्यांत रेटिनोपथी सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता. पण धोका कळणं वेगळं आणि डोळा बघणं वेगळं.

आता सीआरपी, होमोसिस्टीन, क्रिएटिनिन, झालंच तर साध्या सीबीसीतलं न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर, यांवरून रेटिनोपथी किती बळावली ते ओळखायचे प्रयत्न चालू आहेत. बऱ्याच अभ्यासांत आजार जास्त तिथे हे आकडेही सरासरीनं जास्त दिसतात. पण पुन्हा सरासरीच! समोरच्या एका माणसाचं काय? साधा ताप आला तरी सीआरपी चढतो.

आणि गडचिरोली-चंद्रपूरकडे तर आणखी एक भानगड आहे: सिकलसेल. या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि एचबीए१सी खोटाच कमी येतो. (नुसत्या वाहकांत फरक थोडा असतो. मामा तर वाहकही नाहीत, त्यांचा आकडा खरा होता. तरीही हे झालं.) म्हणजे जिथे डोळ्याचा डॉक्टर सर्वात लांब, तिथेच रक्ताच्या आकड्यावर भरवसा सर्वात कमी.

म्हणून माझं मत सरळ आहे. नवा मार्कर सापडेल तेव्हा सापडो, आधी तालुक्याला फंडस कॅमेरा द्या. फोटो काही मिनिटांत निघतो, वाचणारा नागपुरात बसला तरी चालतं. टाइप २ असेल तर निदान झाल्याबरोबर आणि पुढे साधारण दरवर्षी. तुमच्या आईबाबांचा शेवटचा कधी काढला होता?

मामांचं लेसर पुढच्या शनिवारी आहे. त्यामुळे पुढच्या वीकेंडला इथे सुट्टी.