थकबाकीदारांचे दोन वर्ग

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. महागाई आवरण्याच्या या उपायाचा भुर्दंड बदलत्या व्याजदराने घर घेतलेल्या पगारदारावर पडला. कर्जदाराला हप्ता वाढवायचा की मुदत, हे विचारावे, असे रिझर्व्ह बँकेने बजावले ते ऑगस्ट २०२३ मध्ये; दर चढून झाल्यावर!

हप्ता ९० दिवस थकला की २००२ चा सरफेसी कायदा पुढे सरसावतो. ६० दिवसांची नोटीस, आणि मग न्यायालयात दावा न लावताच घराचा ताबा. नोटिशीला लेखी आक्षेप जरूर घ्यावा. तो फेटाळल्यास बँकेने १५ दिवसांत कारणे कळविलीच पाहिजेत. परंतु केवळ त्या कारणांविरुद्ध दाद नाही. दाद मागायची ती ताब्याचे पाऊल पडल्यावर, ४५ दिवसांत, कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे. (नावच बोलके आहे.) मूळ कायद्यात त्यासाठीही मागणीच्या ७५ टक्के रक्कम आधी भरण्याची अट होती! २००४ साली मार्डिया केमिकल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

बड्या कंपनीचे कर्ज थकले, तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली धनकोंची समिती बसते, योजना मंजूर करते आणि येणे रकमेच्या मोठ्या भागावर पाणी सोडते. या कृत्याला 'हेअरकट' असे गोंडस नाव आहे. घरकर्जदाराच्या लिलावात रक्कम कमी पडली, तर उरलेली वसूल करण्याचा अधिकार बँकेकडे शाबूत राहतो. नोकरी गेलेल्या कामगाराला हप्त्यांची फेरआखणी हक्काने मागता येईल, असे कलम मात्र सरफेसीत नाही. ते घातलेच पाहिजे.