फेस कशाचा?

संपादक महोदय,


बटाट्याचा प्रयोग म्हणजे ‘फेसाचा तमाशा’, असे गेल्या अंकातील पत्रलेखक म्हणतात. अर्धे मान्य. कच्च्या फोडीवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले, फेस आला, फळ्यावर ‘विकर’ लिहिले आणि तास संपला, तर तो तमाशाच. मँगनीज डायऑक्साइडची काळी पूडही असाच फेस आणते, आणि ती काही विकर नव्हे.

पण म्हणून प्रयोगच बंद करा, हे पटत नाही. शेजारी उकडलेली फोड ठेवायची असते. बहुतेक जण नेमकी तीच गाळतात. गेल्या वर्षी घाईत माझा बटाटा अर्धाकच्चा राहिला. निवल्यावर चकती कापून थेंब सोडले, तर कडा ढिम्म आणि मधोमध फेस! मी ओशाळले. मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, आच आत पोचलीच नाही.” उष्णतेने बटाट्यातल्या कॅटलेज या विकराची घडण मोडते, हे मला वेगळे सांगावे लागले नाही.

खर्चाचे म्हणाल, तर औषधाच्या दुकानातल्या 6 टक्क्यांच्या द्रावणात तेवढेच पाणी घालावे. चष्मा मात्र हवाच. विझत आलेली उदबत्ती परीक्षानळीच्या तोंडाशी धरली की ऑक्सिजनने पुन्हा लाल होते (फेसात बुडवली तर विझते, तेही करून झाले आहे). फेस बसल्यावर त्याच फोडीवर नवे पेरॉक्साइड टाकून पाहावे. पुन्हा फसफसते.

आपली,
एक विज्ञानशिक्षिका, सातारा