पडून आहे म्हणून बंद

परवा शनिवारी सकाळी मेल उघडली तर एका बॉटचं पत्र. या बगवर बरेच दिवस काही हालचाल नाही, सबब बंद करत आहोत, सहकार्याबद्दल आभार वगैरे. बग माझाच, दोन वर्षांपूर्वी टाकलेला. एका ओपन सोर्स प्रोग्रॅममधून पीडीएफ काढली की 'दऱ्या'चं 'दर्या' होतं. म्हणजे सह्याद्रीतल्या दऱ्यांचा एकदम समुद्र! फॉन्टचं नाव, आवृत्ती, स्क्रीनशॉट, चार ओळींची नमुना फाईल, सगळं जोडलं होतं. दोन वर्षांत एकाही माणसाने उत्तर दिलं नाही. शेवटी बोललं ते यंत्र, आणि तेही दार लावून घ्यायला.

लगेच नवी आवृत्ती उतरवून तीच फाईल चालवली. दर्या जागच्या जागी.

आणि याला म्हणे ट्रॅकरची साफसफाई! कचरा सतरंजीखाली सारण्याला आमच्या घरी तरी वेगळं नाव आहे. गिटहबवर या कामासाठी 'स्टेल' नावाचा बॉट तयार मिळतो. आहे तसा लावला तर ६० दिवस शांतता दिसली की शिक्का मारतो आणि पुढच्या ७ दिवसांत बग बंद. कुबरनेटिससारखा अवाढव्य प्रोजेक्ट जरा दमाने घेतो. ९० दिवसांनी 'शिळा', आणखी ३० दिवसांनी 'कुजका', आणखी ३० दिवसांनी बंद. बग म्हणजे काय फ्रिजमधली भाजी आहे? त्या कोडला कुणी हात लावला नसेल तर बग तिथेच ताजातवाना बसलेला असतो की.

जीटीकेचं उदाहरण घ्या. फाईल निवडायच्या खिडकीत चित्रांचे थंबनेल दिसावेत ही मागणी २००४ सालची, आणि ती पुरी झाली २०२३ च्या ४.१० आवृत्तीत. लोकांनी त्यावर भरपूर विनोद केले, मीही केले. पण नोंद उघडी होती म्हणून निदान विनोद तरी करता आले!

आता कुणी म्हणेल, अरे बाबा, मेंटेनर फुकट राबतात, हजारो बग कोण वाचणार? कबूल, शंभर टक्के कबूल. मग सरळ सांगा ना, 'हे आम्ही करणार नाही.' बगझिलात त्यासाठी 'वोन्टफिक्स' असा चक्क वेगळा शेरा आहे. मला राग नकाराचा येत नाही. न वाचताच 'निकाली' म्हणण्याचा येतो. ट्रॅकरवरचा आकडा खाली जातो, आणि उद्या नागपूरचा कुणी तोच बग शोधायला आला तर त्याला वाटतं, झालंय वाटतं काम.

तसा मीही धुतल्या तांदळाचा नाही. ऑफिसात क्लायंटच्या सोमवारच्या कॉलआधी ओपन बगचा आलेख खाली आणायचा म्हणून एका रात्रीत चाळीसेक बग 'रिप्रोड्यूस होत नाही' म्हणून मी बंद केलेत, एकही चालवून न बघता. त्यातले दोन पुढे प्रॉडक्शनमध्ये भेटले. पण ती नोकरी होती, आलेख कुणाला तरी दाखवायचा होता. ओपन सोर्समध्ये कुठला क्लायंट बसलाय कॉलवर? ही सवय आपणच ऑफिसातून घरी आणली.

असो. रविवारी दुपारी त्याच प्रोजेक्टचे देवनागरीचे दहा जुने बग घेऊन बसलो. तीन कधीच दुरुस्त झाले होते, कुणी सांगितलंच नव्हतं. चार म्हणजे माझाच बग वेगवेगळ्या शब्दांत: 'तऱ्हा', 'सुऱ्या', 'वाऱ्यावर' आणि एक नेपाळी. दोघांना नमुना फाईल मागितली. एक काही केल्या कळला नाही. तीन तास लागले, कोडची एक ओळ लिहावी लागली नाही.

माझा बग परत उघडलाय, ते चारही त्याला जोडून. आणि एक नवाही टाकलाय: 'बॉट काढा.' बघू, त्याला कोण उत्तर देतंय :-)